सावलीची वाटी

चितारीकाकांना आमच्यापैकी कोणाचंही नाव माहीत नव्हतं. धारच्या आमच्या नाटकमंडळीत ते दहा-अकरा वर्षं तोंडं रंगवत होते, पण हाक मारायची ती चेहऱ्याच्या आकारावरून. गोल तोंडाचा तो सुपारी, लांब तोंडाचा काकडी, कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर विड्याचं पान. मंडळीचे चालक मामा गोल तोंडाचे होते, आणि काका त्यांनाही त्यांच्या माघारी सुपारीच म्हणत. माझं कपाळ आणि जबडा सारख्याच रुंदीचे, कोपरे बाहेर आलेले. म्हणून मी पाट. "पाटा, बस इकडे. आज तुझे कोपरे मोडायचेत," असं म्हणून ते मला समोर घेत. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि नाटकात नायिकेचं काम करत होतो. रुंद जबड्याचा पोरगा नायिका कसा झाला, असं कोणी विचारलं तर मामा म्हणत, "गळा याचा, चेहरा काकांचा." ते खरंच होतं.

काकांचं घराणं चिताऱ्यांचं. पवारांच्या लष्करामागून जी कारागीर मंडळी माळव्यात आली, त्यांत त्यांचे पूर्वज होते. घरचा धंदा देवांचा. गणपती रंगवायचे, भिंतीवर चित्रं काढायची, आणि भाद्रपदात धारच्या मराठी घरांतले गौरीचे मुखवटे नव्यानं रंगवून द्यायचे. माणसांची तोंडं त्यांच्याकडे उशिरा आली. त्यांना देवाचं काम सोपं वाटे. "गौर घाम पुसत नाही, बोलत नाही आणि आरशात बघत नाही," ते म्हणत.

आरशावर त्यांचा राग होता. रंगवायच्या खोलीत ते आरसा ठेवू देत नसत. नव्या नटाला हे फार जाचे. त्याला काका एकदाच समजावून सांगत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत, रॉकेलच्या दिव्यांची रांग असे. सगळा उजेड खालून वर येई. "सूर्य वरून पडतो म्हणून आपल्याला माणूस माणसासारखा दिसतो," ते म्हणत. "इथं सूर्य पायाशी आहे, भैया. इथं हनुवटीवर ऊन आणि कपाळावर संध्याकाळ. तुझ्या आरशाला हे ठाऊक आहे का?"

म्हणून त्यांची पद्धत अशी होती. खोलीची दारं लोटायची, नटाला उंच तिवईवर बसवायचं आणि कंदील त्याच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा. आधी पांढरा सफेदा, पिवळी पिवडी आणि किंचित लाल हिंगूळ खोबरेल तेलात कालवून सबंध तोंडाला एक हात द्यायचा. मग त्यांच्या दोन वाट्या पुढे येत. एकीत सफेद्याचा फिका रंग, ती उठावाची वाटी. दुसरीत तांबडी काव आणि तव्यामागची काजळी खललेली, ती सावलीची वाटी. जिथं हाड पुढं आणायचं तिथं उठाव, जिथं मागं ढकलायचं तिथं सावली. काम झालं की दोन्ही वाट्यांवर लगेच पितळी झाकण. धूळ बसलेला रंग ते कोणाच्या तोंडाला लावत नसत.

सुपारीला ते कानापासून ओठांच्या कोपऱ्याकडे तिरकी सावली देत आणि नाकाच्या दांड्यावर उठाव. गाल आत जात आणि गोल तोंड लांबट दिसे. काकडीला केसांच्या रेषेखाली आणि हनुवटीच्या टोकाला सावली, म्हणजे लांबी दोन्हीकडून चोरली जाई. पानाच्या कानशिलांवर सावली, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना उठाव. आमच्यात एक जण होता, त्याचा चेहरा आंब्याच्या कोयीसारखा, सगळीकडून सारखा उतरता. त्याला रंगवायला काकांना कंटाळा येई. "कोयीला काय करायचं? ती वरूनच करून आली आहे," असं म्हणत पाच मिनिटांत त्याला उठवत. माझ्यावर मात्र अर्धा-पाऊण तास जाई. कानाच्या पाळीखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ते इतकी दाट सावली भरत की जवळून पाहणाऱ्याला मी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा वाटे. रंगमंचावर खालचा उजेड सगळ्यात आधी जबड्यावरच पडे, म्हणून तिथं तेवढी काजळी लागे. पंधरा पावलांवरून तिथं काळं काही दिसत नसे. दिसे ती एक नाजूक, निमुळती मुलगी.

ही पंधरा पावलं ते स्वतः मोजून मागं जात. तिथं उभे राहून डोळे अर्धे मिटत आणि मान तिरकी करून बघत. अर्ध्या डोळ्यांनी पाहिलं की बारीकसारीक रेषा जातात आणि उजेड-सावली तेवढी उरते, असं ते सांगत. "रंग दिसला तर मी हरलो. बाई दिसली पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण नाटकमंडळीत अशा गोष्टींचे दुसरे अर्थ लवकर निघतात. वय साठीला आलेलं, त्यात हे डोळे मिचकावणं. काकांना कमी दिसायला लागलं, अशी कुजबुज सुरू झाली. एकदा काकडीच्या दोन भुवयांत फरक राहिला, तेव्हा तो सगळ्यांना दाखवत हिंडला, "बघा, एक भुवई धारची, एक देवासची." काकांनी ते ऐकलं आणि भुवई सारखी केली. मी हसणाऱ्यांत होतो.

त्या वैशाखात देवासला एका सरदारांच्या घरी लग्न होतं आणि आमचं नाटक ठरलं. आम्ही बैलगाड्यांनी इंदुरावरून गेलो. देवास तेव्हा एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. प्रेक्षकही तसेच बसले, उजवीकडे थोरली आणि डावीकडे धाकटी. मामांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, "उजवीकडे टाळ्या पडल्या तर डावीकडे पडणार नाहीत. मनाला लावून घेऊ नका."

त्याच लग्नाला दक्षिणेकडच्या एका मोठ्या नाटक कंपनीतले गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. त्यांना नायिकेच्या कामासाठी पोरगा हवा आहे, हे दुपारीच आमच्या कानांवर आलं. नाटकाआधी ते आत येऊन आम्हाला भेटणार होते. मला धारमध्ये राहायचं नव्हतं. वडील दरबारात कारकून, मलाही तिथंच चिकटवण्याची त्यांची खटपट चाललेली. या गृहस्थांनी मला पसंत केलं तर मी त्यातून सुटणार होतो.

सरदारांनी आम्हाला रंगवायला दिलेल्या दालनाच्या बाहेर एक सज्जा होता. त्यात माणसाच्या उंचीचा आरसा, समोर पश्चिमेची खिडकी. काकांनी मला रंगवलं, पंधरा पावलांवरून पाहिलं, "झालं, ऊठ," म्हणाले आणि पुढच्याला घेतलं. मी सज्ज्यात गेलो. उतरत्या उन्हात मी स्वतःला पाहिलं. नेसूचं जरीचं लुगडं, नाकात नथ, आणि जबड्याला दोन्हीकडून काजळी फासलेली. आता ते गृहस्थ येऊन मला असा पाहतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्यातच कुजबुज आठवली. म्हाताऱ्याला दिसत नाही, आज हात जास्तच पडला. मला तेव्हा खरोखर असं वाटलं, की असं वाटलं तर बरं म्हणून मी ते धरून ठेवलं, हे मला आजही सांगता येत नाही.

मी ओल्या फडक्यानं दोन्ही कोपऱ्यांवरची सावली पुसली. मग आत जाऊन, काकांची पाठ होती तेवढ्यात, उठावाच्या वाटीचं झाकण काढून फिका रंग बोटावर घेतला आणि जबड्यावर सारखा केला. आरशात मी सुंदर दिसलो. गृहस्थ आले, दोन शब्द बोलले, मान डोलावून गेले. त्यानंतरही सावली परत लावून घ्यायला वेळ होता. मी गेलो नाही. इतकंच नाही. प्रवेशाआधी काका नेहमी डावीकडच्या विंगेत उभे राहून प्रत्येकाला एकदा न्याहाळत. त्या दिवशी मी उजवीकडून प्रवेश केला.

खालच्या दिव्यांनी काय केलं ते मला दिसत नव्हतं, ऐकू आलं. मी पहिली ओळ गायला तोंड उघडलं आणि मागून कोणीतरी माळवीत म्हणालं, "अरे, या लुगाई नी हे, या तो पेलवान हे." ही बाई नव्हे, पैलवान. आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या. नायक मला 'कोमलांगी' म्हणाला तेव्हा तोही हसू दाबू शकला नाही. त्या लग्नात दोन्ही पात्या एकाच वेळी हसल्या त्या एवढ्याच. पाहुणे गृहस्थ अंक संपण्याआधी उठून गेले.

अंकाचा पडदा पडल्यावर मामा आत आले. ते रागावले की आवाज खाली येई.

"काका, हे काय केलंत आज?"

काका माझ्याजवळ आले. त्यांनी आंगठ्यानं माझ्या जबड्याचा कोपरा चाचपला आणि तो आंगठा कंदिलाशी नेऊन पाहिला. मग मला विचारलं, "पाटा, घाम फार आला होता का रे तुला?"

वैशाख होता. सगळ्यांच्याच अंगातून धारा लागल्या होत्या. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्या उकाड्यावर सगळं गेलं असतं आणि कोणालाच काही झालं नसतं. पण मला वाटलं, हो म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग पुसलंस का' असा येणार. मी म्हणालो, "नाही."

काकांनी कंदील खाली ठेवला आणि सावलीची वाटी उघडली. दुसऱ्या अंकात माझा चेहरा चोख होता, कोणी हसलं नाही. आणि गंमत अशी की लोकांनी त्यावरूनच ठरवलं, पहिल्या अंकात काकांचा हात चुकला होता आणि मग त्यांनी तो सुधारला. धारला परतल्यावर मामांनी त्यांना घरी बोलावून शेला आणि नारळ दिला. वाईट शब्द काढला नाही. "आता डोळ्यांना आराम द्या," एवढंच म्हणाले. मी त्या बैठकीत होतो. काका उठताना त्यांनी एकवार सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती थांबली असं मला वाटलं. मी पानाच्या तबकाकडे बघत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निदान नाटकापुरतं राहिलं असतं. श्रावण आला आणि गौरीचे मुखवटे रंगवायला द्यायची वेळ झाली. आमच्या घरचे मुखवटे दरवर्षी काकांकडे जात. आई म्हणाली, "चिताऱ्याच्या डोळ्यांचं काही खरं नाही म्हणतात. देवासला फजिती झाली ना तुमची? देवीचं तोंड बिघडलं तर वर्षभर बघत बसावं लागेल. यंदा इंदुराहून रंगवून आणू." मी पाटावर जेवत होतो. तोंडात घास होता, तो गिळून मी म्हणालो, "बरं." आमच्या आळीतल्या बहुतेक घरांनी तेच केलं. काकांच्या ओसरीवर त्या वर्षी दोन की तीन मुखवटे होते. मला हे कळलं कारण मी एकदा तिथून गेलो. त्यानंतर त्या गल्लीतून जायचं टाळलं.

गौरी बोळवल्यावर काका धर्मपुरीला लेकीकडे निघून गेले. त्यांच्या जागी मामांनी इंदुराहून एक माणूस आणला. तो सगळ्यांना एकच गुलाबी रंग फासायचा. त्याच्या हातून सुपारी, काकडी, पान सगळे एकाच तोंडाचे निघू लागले. "काका असते तर," असं आमच्यातले पुन्हा म्हणू लागले, ज्यांनी भुवईवरून हसून घेतलं होतं तेच. मीही म्हणालो. दोन वर्षांनी माझा गळा बिघडला, नाटक सुटलं आणि मी दरबारच्या कचेरीत कारकून झालो. आजही आहे.

पुढे सात-आठ वर्षांनी कचेरीच्या कामावर मला धर्मपुरीला जावं लागलं. घाट उतरून दोन दिवसांची गाडी. काम सकाळीच संपलं. मी नर्मदेच्या काठानं विचारत विचारत काकांच्या लेकीचं घर काढलं. ओट्यावर काका बसले होते. डोळे पूर्ण गेले होते. मी "काका" म्हटल्यावर त्यांनी मान वळवली आणि क्षणभर थांबून म्हणाले, "पाट आहे. आवाज जाड झालाय."

त्यांची लेक गंगूताई बाहेर आली. मी कोण ते कळल्यावर ती ताक आणायला आत गेली. जाताना सहज बोलून गेली, "इथं आले तेव्हा बाबांना चांगलं दिसत होतं हो. सुईत दोरा ओवून द्यायचे मला. डोळे गेले ते चार वर्षांपूर्वी. पण इथं सगळ्यांनी आधीच ऐकलं होतं, देवासचं. कोणी कामच दिलं नाही."

माझ्याजवळ इतकी वर्षं जी एक सबब होती, ती तिनं अशी जाता जाता काढून नेली. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "काका, देवासला रंग मी पुसला होता."

"हं," काका म्हणाले. "उठावाची वाटी उघडी होती. मी झाकण घातल्याशिवाय कधी उठलो नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कोणाला? मामांना? एका बाजूला कारकुनाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला डोळे मिचकावणारा चितारी. कोणाचं खरं धरलं असतं, तूच सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं ते बोलत होते. "मी तुला सोपा प्रश्न घातला होता. हो म्हणायचं होतंस. नंतर वाटलं, पोरगा आहे, घाबरला असेल, घरी येऊन सांगेल. गौरी जाईपर्यंत थांबलो."

मी म्हणालो, "मी धारला गेल्यावर मामांना सांगतो."

"मामा गेले ना मागच्या साली?"

ते गेलेच होते. खांदा द्यायला मी होतो. तरी तोंडून असं निघालं.

काकांनी आत तोंड करून हाक मारली, "गंगू, तुझ्या सासऱ्यांना बाहेर बोलाव." काकांचे व्याही आले, निमाडात जन्म गेलेले, पागोटं बांधलेले म्हातारे. काका मला म्हणाले, "आता जे मला सांगितलंस ते यांना सांग."

मी सांगितलं. व्याह्यांनी कानाला हात लावला, "क्या? क्या बोल रिया है?"

"त्यांना कमी ऐकू येतं," काका म्हणाले. "मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. रंग काकांचा बरोबर होता. मी तो पुसला. मी खोटं बोललो. त्यांचे डोळे तेव्हा चांगले होते. खाली घाटावर नाव लागत होती, तिच्यातले लोक मान वर करून बघू लागले. गंगूताई ताकाचा पेला हातात घेऊन दारात उभी होती.

व्याही म्हणाले, "जाने दो समधीजी, पुरानी बात है. अब क्या फरक पडता है."

"पडतो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ताक घे. उन्हाचा आला आहेस."

मी ताक प्यालो आणि निघालो. त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं पत्र आलं.

आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. समोर नवा माणूस आला की अजून माझी नजर आधी उजेड कुठून येतोय ते बघते, मग त्याचं तोंड, आणि पुष्कळदा पहिल्यांदा वाईट दिसलेला माणूस नंतर तसा निघत नाही. ही काकांचीच सवय. पण ती माझ्यात आली म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. धर्मपुरीच्या त्या ओट्यावर ते ऐकायला तीन माणसं होती आणि खाली घाटावर एक होडी. धारमध्ये आणि देवासमध्ये त्या दिवशीचे लोक अजून आहेत, आणि चिताऱ्याच्या डोळ्यांची गोष्ट ते नातवंडांना हसत सांगतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. मागच्याच महिन्यात एका मुंजीच्या पंक्तीत ऐकली आणि मी पुढचा घास घेतला.

तर त्या सगळ्यांना सांगायचं ते असं. देवासला चितारीकाकांचा हात चुकला नव्हता. त्यांनी लावलेली सावली मी पुसली, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.